आवड आणि बांधिलकी



मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीच वसमत, कळमनुरी, औंढा या तालुक्यांच्या शिवारांत हळदीचे गादीवाफे तयार होऊ लागतात. एकरी सुमारे दहा क्विंटल बेणे मातीत घालावे लागते. लागवडीनंतर अडीच-तीन महिन्यांनी भरणी करायची, पाऊस जास्त झाला तर कंदकुजीची धास्ती, कमी झाला तर पाण्याची चिंता. असे आठ-नऊ महिने गेल्यावर काढणी होते, आणि तरीही काम संपत नाही. ओले कंद शिजवायचे, बारा-पंधरा दिवस उन्हात वाळवायचे, ड्रममध्ये घालून पॉलिश करायचे. तेव्हा कोठे ओल्या हळदीचा जेमतेम पाचवा हिस्सा बाजारात नेण्याजोगा हाती लागतो. 2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे अशा शेकडो शेतकऱ्यांची कित्येक वर्षे आहेत.

भाव चढला की आमच्याकडे हळदीची चर्चा कट्ट्याकट्ट्यावर सुरू होते. एकरी उतारा किती, सेलम बरी की दुसरी जात, ठिबक किती दिवसांचे, सारे विचारले जाते. विचारणाऱ्याला हळदीत मनापासून रस असतो, तो काही खोटे बोलत नसतो. पण भाव उतरला की तोच मनुष्य सोयाबीनविषयी विचारू लागतो. ज्याने बेणे मातीत घातले आहे, त्याला असे विषय बदलता येत नाहीत. भाव चढो वा उतरो, त्याला पहाटे पाण्याची पाळी सांभाळावीच लागते. आवड असणे आणि बांधील असणे यांतील अंतर समजण्यासाठी हिंगोली जिल्ह्याच्या माणसाला फार दूर जावे लागत नाही.

हाच भेद आपल्या दीनच्या बाबतीत आपण स्वतःला लावून पाहिला आहे काय, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत आपण म्हणतो, मला अमुक गोष्टीत रस आहे. रस हा चाखायचा असतो. गोड लागला तर आणखी घ्यावा, कडू लागला तर पेला खाली ठेवावा. बांधिलकी हा शब्द मात्र 'बांधणे' या क्रियापदापासून आला आहे. ज्याला बांधून घेतले, ते चवीवर अवलंबून राहत नाही. आता अरबीकडे वळा. ज्याला आपण 'अकीदा' म्हणतो, त्या शब्दाचे मूळ 'अक्द' हे आहे, आणि अक्द म्हणजे गाठ बांधणे. निकाहलाही आपण अक्द म्हणतो, ते याच अर्थाने. स्थळ पाहणे, विचारपूस करणे, पसंती कळविणे हे सारे रसाच्या प्रांतातले. दोन साक्षीदारांसमोर 'कबूल' म्हटले की गाठ पडते आणि मेहर, पोषण, निवारा अशा जबाबदाऱ्या त्याच क्षणी अंगावर येतात. (लग्नातील हळदीच्या रूढीविषयी मला येथे काही म्हणायचे नाही, तो विषय निराळा आहे.) दिव्य कुरआनच्या सूरह माइदाची सुरुवातच श्रद्धावंतांना बांधलेल्या गाठी, अर्थात केलेले करार, पुरे करण्याच्या आदेशाने होते. म्हणजे ईमान हा मुळातच एक करार आहे. 'बैअत' हा शब्दही खरेदी-विक्रीच्या मुळापासून आलेला आहे. मोंढ्यात सौदा ठरला की माल काट्यावर चढतो. भाव विचारून पुढे जाणाऱ्याला कोणी गिऱ्हाईक म्हणत नाही.

परंतु आवडीला तुच्छ लेखण्याचेही कारण नाही. आवड ही अल्लाहची देणगी आहे आणि बहुतेकांची वाट तिच्यापासूनच सुरू होते. प्रश्न एवढाच की ती तेथेच थांबली तर काय होते. याचे उत्तर इतिहासात एका सम्राटाच्या रूपाने उभे आहे.

हुदैबियाच्या तहानंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रोमन सम्राट हिरक्लला पत्र पाठविले. ह. दिह्या कल्बी (रजि.) ते घेऊन गेले. त्या वेळी अबू सुफियान व्यापारासाठी शाममध्ये होते आणि त्यांनी अद्याप इस्लाम स्वीकारलेला नव्हता. सम्राटाने त्यांना दरबारात बोलावून एकामागून एक प्रश्न विचारले. या माणसाचे कुळ कसे आहे? त्याचे अनुयायी प्रतिष्ठित आहेत की दुर्बल? त्यांची संख्या वाढते आहे की घटते आहे? तो कधी खोटे बोलला आहे काय, वचन मोडले आहे काय? आणि एक विलक्षण प्रश्न असा, की त्याच्या धर्मात शिरल्यावर त्याला कंटाळून कोणी परत फिरतो काय? सहीह बुखारीतील ही हकीकत वाचताना सम्राटाच्या बुद्धीचे कौतुक वाटल्याखेरीज राहत नाही. त्याचा निष्कर्षही अचूक होता. जे सांगितलेस ते खरे असेल तर माझ्या पायाखालच्या या भूमीवर त्याचे राज्य येईल आणि मला त्याच्यापर्यंत पोहोचता आले तर मी त्याचे पाय धुवीन, अशा आशयाचे उद्गार त्याने काढले. पुढे हिम्स येथे त्याने सरदारांना जमविले, महालाची दारे बंद करविली आणि या प्रेषिताचे अनुसरण करण्याची सूचना मांडली. सरदार बिथरून दारांकडे धावले. सम्राटाने त्यांना परत बोलाविले आणि सांगितले की मी तर तुमच्या धर्मनिष्ठेची परीक्षा पाहत होतो. सरदार खूष झाले. सिंहासन वाचले.

हिरक्लपाशी काय कमी होते? जिज्ञासा होती, ज्ञान होते, आदर होता, सत्य ओळखण्याची क्षमताही होती. त्याने प्रेषितांविषयी विचारलेले प्रश्न आजही विद्यार्थ्यांना शिकविले जातात. उणीव होती ती एकच. सत्याची किंमत मोजण्याची वेळ आली तेव्हा त्याने दर विचारला आणि तो पुढे निघून गेला.

आता थोडे आपल्या घरांकडे वळू. आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलमध्ये बयानांचा मोठा संग्रह असतो. शुक्रवारी सकाळी 'जुमा मुबारक'चे संदेश झडत असतात. रमजानच्या पहिल्या रात्री तरावीहला मशिदीत जागा मिळत नाही. दहाव्या-बाराव्या रात्री तीच मशीद किती मोकळी होते, ते पंख्याखाली आरामात बसलेल्यांना विचारा. यांतील कोणतीही गोष्ट ढोंग नाही. ती आवड आहे, आणि आवडीचा स्वभावच ऋतूप्रमाणे येण्या-जाण्याचा आहे. लोक आळशी आहेत असे म्हणून मोकळे होणे सोपे असते, परंतु माझ्या मते खरी परीक्षा तरावीहची नाहीच. ती जेथे आहे, त्या जागेचे नाव घ्यायला आपण टाळतो. म्हणून मी तिचे नाव घेतो. ती जागा म्हणजे वारसाहक्क.

सभा असो वा परिसंवाद, आपण मोठ्या अभिमानाने सांगतो की जगात जेव्हा स्त्रीला मालमत्तेचा अधिकार नव्हता, तेव्हा इस्लामने तिला वारस ठरविले. हे सत्यच आहे. उहुदच्या युद्धात ह. सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले. त्यांच्या दोन मुली होत्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलींच्या चुलत्याने सारी मालमत्ता ताब्यात घेतली. तेव्हा मुलींची आई प्रेषितांकडे आली आणि तिने गाऱ्हाणे मांडले की मालाशिवाय या मुलींचे लग्न कसे व्हायचे? अल्लाह याचा निवाडा करील, असे तिला सांगण्यात आले, आणि वारसाहक्काची आयत अवतरली. प्रेषितांनी चुलत्याला बोलावून आज्ञा केली की दोन तृतीयांश मुलींना दे, एक अष्टमांश त्यांच्या आईला दे आणि उरेल ते तुझे. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत ही घटना आली आहे. एका विधवेच्या तक्रारीवर आकाशातून उत्तर आले आणि तेही 'त्यांचे भले करा' अशा मोघम उपदेशाच्या रूपात नव्हे, तर नेमक्या अपूर्णांकांत.

ही घटना व्याख्यानात सांगणारा मनुष्य गावी परततो. वडील वारलेले असतात. आई आधीच गेलेली. पाच एकर जमीन, एक भाऊ आणि दोन बहिणी. कर्ज आणि वसीयत यांचा निपटारा झाल्यावर हिशेब तिसरीतल्या मुलालाही येईल असा आहे. पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे. भावाचे शंभर, प्रत्येक बहिणीचे पन्नास. पण प्रत्यक्षात काय होते? बहिणींना सणाला बोलावले जाते, साड्या घेतल्या जातात, आणि जेवणानंतर एक कागद पुढे येतो. त्याचे नाव 'हक्कसोड पत्र'. बहीण सही करते. का करते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. सही केली नाही तर माहेरचा उंबरा परका होईल, हे तिला कोणी न सांगताही कळते. भाऊ नंतर सांगतो, तिने राजीखुशीने सोडले. तिच्या ताब्यात पन्नास गुंठे प्रथम दिले असते, तिच्या नावाने सातबारा झाला असता, आणि मग वर्षा-दोन वर्षांनी तिने आपण होऊन भावाला बक्षीस दिले असते, तर त्या शब्दाला काही अर्थ होता. हाती न आलेल्या वस्तूची राजीखुशी कशी मोजायची?

हुंड्यात दिले, लग्नाचा खर्च केला, बाळंतपणे केली, ही कारणे मी असंख्य वेळा ऐकली आहेत. सूरह निसामध्ये हिस्से सांगून झाल्यावर अल्लाहने त्यांना आपल्या 'मर्यादा' म्हटले आहे; त्या पाळणाऱ्यांना स्वर्गाची आशा आणि ओलांडणाऱ्यांना अपमानकारक शिक्षेचा इशारा दिला आहे. त्या आयतींत बाळंतपणाच्या खर्चाची वजावट कोठेही नाही. वाचकहो, इस्लामने स्त्रीला हक्क दिले या विषयात आपल्याला रस आहे की त्या हुकुमाशी आपण बांधील आहोत, याचे उत्तर तलाठ्याच्या दप्तरात लिहिलेले असते.

या भेदावर दिव्य कुरआनने सर्वांत सविस्तर भाष्य केले आहे ते तबूकच्या प्रसंगी. हिजरी सन 9 मधील ती मोहीम. उन्हाळा कडक, मदीनेपासून सुमारे सातशे किलोमीटरचा वाळवंटी प्रवास, समोर रोमन साम्राज्य, आणि बागांत खजूर पिकलेले. मागे राहणाऱ्यांविषयी सूरह तौबामध्ये दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक अशी की लाभ हाताशी असता आणि प्रवास सुखाचा असता तर हे लोक जरूर मागोमाग आले असते. दुसरी अशी की त्यांना खरोखर निघायचे असते तर त्यांनी त्याची काही तयारी केली असती. ही दुसरी गोष्ट पुन्हा वाचा. इच्छेचा पुरावा म्हणून तेथे भाषण, हळहळ किंवा शुभेच्छा मागितलेल्या नाहीत. तयारी मागितली आहे. हज करायचा आहे असे म्हणणाऱ्याने त्यासाठी बाजूला काढलेली रक्कम दाखवावी, मुलांना कुरआन समजावा असे म्हणणाऱ्या घराने कपाटातील मराठी अनुवादाची पाने उलटलेली दाखवावीत.

मात्र याच सूरहमध्ये अशाही लोकांचा उल्लेख आहे, जे निघू शकले नाहीत तरी ज्यांच्यावर कसलाही ठपका नाही. ते प्रेषितांकडे स्वारीसाठी जनावर मागायला आले होते. जनावर नव्हते. ते परत फिरले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते, कारण खर्च करायला त्यांच्यापाशी काही नव्हते. परतीच्या वाटेवर प्रेषितांनी सहाबांना सांगितले की मदीनेत असे लोक आहेत, जे तुम्ही ओलांडलेल्या प्रत्येक दरीत तुमच्यासोबत होते. अडचणीने त्यांना रोखून धरले. म्हणून आजारपण, गरिबी किंवा लहान मुले यांमुळे मशिदीपर्यंत न पोहोचणाऱ्या कोणाही भगिनीने वा बांधवाने हा लेख वाचून मन खट्टू करून घेऊ नये. बांधिलकी पायांनी मोजली जात नाही.

तबूकच्या वेळी मागे राहिलेल्यांत दोन माणसे अशी होती, ज्यांच्या श्रद्धेबद्दल कोणालाच शंका नव्हती. पहिले ह. अबू खैसमा (रजि.). लष्कर निघून गेल्यानंतर एका तप्त दिवशी ते आपल्या बागेत आले. त्यांच्या दोन्ही पत्नींनी आपापल्या मांडवाखाली पाणी शिंपडून गारवा केला होता, थंड पाणी भरून ठेवले होते, जेवण तयार होते. ते दारातच थबकले. प्रेषित उन्हात आणि वाऱ्याच्या झळांत, आणि अबू खैसमा सावलीत? हा न्याय नव्हे, असे म्हणून त्यांनी मांडवात पाऊल न टाकताच शिदोरी बांधायला सांगितली आणि ते एकटे निघाले. तबूकला दूरवर एक स्वार दिसला तेव्हा तो अबू खैसमाच असावा अशी इच्छा प्रेषितांनी व्यक्त केली, आणि ते अबू खैसमाच होते.

दुसरे ह. कअब बिन मालिक (रजि.). हे अकबाच्या बैअतमध्ये सहभागी झालेले, म्हणजे पहिल्या फळीतले. त्यांनी स्वतः सांगितले आहे की त्या वेळी ते पूर्वी कधी नव्हते इतके संपन्न आणि सुदृढ होते. स्वारीची दोन जनावरे त्यांच्यापाशी होती. रोज सकाळी तयारीसाठी बाहेर पडत आणि काहीच न करता परत येत. मनात म्हणत, माझ्या हाती सर्व आहे, उद्या करीन. लष्कर निघाले. एक-दोन दिवसांत गाठीन, असे त्यांनी ठरविले. तेही झाले नाही. मग मदीनेच्या गल्ल्यांत फिरताना ज्यांच्यावर दांभिकपणाचा संशय होता तेवढेच लोक आणि दुर्बल माणसे दिसू लागली, तेव्हा त्यांना आपण कोठे उभे आहोत हे उमगले.

कअब यांच्यात आणि हिरक्लमध्ये मग फरक तो काय, असा प्रश्न येथे पडावा. दोघेही निघाले नाहीत. फरक प्रेषित परतल्यानंतर दिसला. ऐंशीहून अधिक लोकांनी शपथा वाहून सबबी सांगितल्या आणि त्या वरवर स्वीकारल्या गेल्या. कअब वक्तृत्वात कोणाहून कमी नव्हते. ते समोर बसले आणि त्यांनी सांगितले की मला कोणतीही अडचण नव्हती. पन्नास दिवस मदीनेत त्यांच्याशी कोणी बोलले नाही. हिलाल बिन उमय्या (रजि.) आणि मुरारा बिन रबीअ (रजि.) यांचीही तीच स्थिती होती. चाळीस दिवसांनंतर पत्नीपासूनही दूर राहण्याचा आदेश आला. याच काळात गस्सानच्या राजाचे पत्र कअब यांना मिळाले, की तुमच्या माणसाने तुम्हाला टाकले आहे, आमच्याकडे या, आम्ही मान देऊ. त्यांनी ते पत्र भट्टीत टाकले. हिरक्लसमोर राज्य गमावण्याचा प्रश्न आला तेव्हा त्याने शब्द फिरविला. कअब यांच्यासमोर राजाश्रय चालून आला तेव्हा त्यांनी तो जाळला. चूक झाली होती, परंतु गाठ सुटली नव्हती.

त्यांच्या हकीकतीतील 'उद्या करीन' हे शब्द आपल्या घराघरांत रोज उच्चारले जातात. त्यावर प्रेषितांनी शिकविलेला उपाय फार साधा आहे. ह. आयेशा (रजि.) सांगतात की अल्लाहला सर्वांत प्रिय ते कर्म, जे सातत्याने केले जाते, मग ते थोडे का असेना. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना त्यांनी बजावले होते की रात्रीची उपासना सुरू करून सोडून देणाऱ्या अमक्यासारखा होऊ नकोस. सातत्याचे फळ किती उशिरा येते याचे उदाहरण आपल्याच औंढा तालुक्यातील मुलांना माहीत आहे. दुधाळा येथे ज्या 'लायगो' प्रयोगशाळेच्या उभारणीला केंद्र सरकारने 2023 मध्ये मंजुरी दिली, तशाच अमेरिकेतील यंत्रांनी 2002 ते 2010 पर्यंत गुरुत्वीय लहरींचा शोध घेतला आणि एकही लहर सापडली नाही. संशोधकांनी यंत्रे अधिक संवेदनशील केली आणि 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली लहर टिपली गेली. नुसता रस असणारे 2010 पूर्वीच घरी गेले असते.

तेव्हा पहाटेची एक नमाज वेळेवर, रोज पाच आयती अर्थासह, घरातील सर्वांनी एकत्र बसून. आणि ज्यांच्या घरी वाटणी राहिली आहे, त्यांनी या महिन्यात तलाठी कार्यालयाची एक फेरी. एवढ्या तयारीपासून आरंभ करता येईल.

कअब यांच्या पन्नासाव्या दिवसाची पहाट झाली. ते घराच्या छतावर फज्रची नमाज अदा करून बसले होते. सलअ टेकडीवरून कोणीतरी मोठ्याने हाक मारली की कअब, आनंदाची बातमी! ते सजद्यात पडले. बातमी आणणाऱ्याला त्यांनी अंगावरचे कपडे काढून दिले, आणि स्वतःसाठी उसने कपडे घेऊन ते मशिदीत गेले. ह. तल्हा (रजि.) धावत पुढे आले आणि त्यांनी हात मिळविला. उर्वरित आयुष्यात सत्याखेरीज काही बोलणार नाही, असे वचन कअब यांनी त्या दिवशी दिले. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली. मुलगा अब्दुल्लाह हात धरून त्यांना नेत असे. ही सारी हकीकत आपल्यापर्यंत पोहोचली ती त्याच मुलाच्या तोंडून. बापाने ती त्याला स्वतः सांगितली होती, सावलीचा मोह आणि 'उद्या करीन' यांतील एकही गोष्ट न वगळता.